स्टेटस भरण्यातच दिवस जायचा, तिथून आमची वाटचाल

साकीनाक्याला भाड्याचा गाळा, पाच-सहा पोरंपोरी, आणि काम म्हणजे दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं बनवून देणं. स्वतःचं टूल विकायचं वगैरे डोक्यातच नव्हतं हो. पण क्लायंटला रोज संध्याकाळी एक्सेल शीट लागायची, कोणी काय केलं, किती टक्के झालं, आणि ते टक्के म्हणजे निव्वळ अंदाजपंचे, एकेक काम ९० टक्क्यांवर आठवडाभर बसलेलं असायचं. जिरा लावून पाहिलं, कोणतं काम कुठवर आलं ते कार्डांवर दाखवणारं २००२ पासूनचं टूल आहे, मोठ्या टीमला झकास, पण आमच्याकडे काम होऊन जायचं तरी कार्ड 'टू डू'मध्येच, हलवणार कोण?

आता गिट तर सगळे वापरतातच (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी केलेलं), त्यात प्रत्येक कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, नाव, वेळ, मेसेज असतोच, मग तेच परत कशाला लिहायचं? म्हणून ब्रांचच्या (त्या कामापुरत्या कोडच्या वेगळ्या फांदीच्या) नावात कामाचा तिकीट नंबर टाकायचा, पुश झालं, म्हणजे कोड वर चढवला, की वेबहुक (आपोआप जाणारा निरोप) आमच्या सर्व्हरला कळवणार, कार्ड आपोआप सरकणार आणि संध्याकाळी रिपोर्ट जाणार. केलं होतं स्वतःपुरतंच, एका क्लायंटने रिपोर्ट बघून त्याच्या टीमसाठी मागितलं.

मजा म्हणजे 'फिक्स', 'फिक्स २', 'आता तरी चाल बाबा' असले मेसेज थेट क्लायंटकडे जायला लागले 😄 मग रिपोर्ट आधी डेव्हलपरला दाखवायचा, त्याने दोन ओळी नीट करायच्या, असं केलं. शिवाय काम कुठे अडलंय ते गिट सांगत नाही, म्हणून 'अडलंय' असा एक रकाना हाताने भरायला ठेवला आणि खरं सांगायचं तर लोक सगळ्यात आधी तोच वाचतात. पावसाळ्यात तर फारच कामाचा, एक जण कुर्ल्याला अडकलेला, दुसरा डोंबिवलीहून निघालेलाच नाही, साडेदहाची पंधरा मिनिटांची स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) घेणार कोणाबरोबर? लोकलमधूनच दोन ओळी टाकतात, काम पुढे चालू.

एका मोठ्या गिऱ्हाईकाला कोणाचे किती कमिट याची रँकिंग हवी होती. नाही दिली. एका बदलाचे दहा तुकडे करून कमिट कोणीही वाढवेल, आणि दिवसभर डोकं खपवून एका ओळीचा बग काढणारी पोरगी यादीत तळाला जाणार, हे कसलं मोजमाप? गिऱ्हाईक गेलं, भाड्याची तारीख जवळ होती, जिवावर आलं, पण तो पर्याय आजही टूलमध्ये नाही. गिटमधला कोड ठेवायच्या साइट्सपैकी गिटहब, गिटलॅब दोन्हीला जोडता येतं, बिटबकेटचं काम सध्या चालू आहे.