पाठ किती सेंटिमीटर? मोहिमेची सॅक घेताना अडकलेले पाच आठवडे

माझ्या पाठीची लांबी ४२ सेंटिमीटर आहे. हा आकडा पाच आठवडे मी सॅकच्या विक्रेत्याकडच्या वेगवेगळ्या लोकांना फोनवर सांगत होते, लिहून कळवत होते, टेपसकट फोटो काढून पाठवत होते. आणि पाच आठवडे एकच उत्तर येत होतं, "मॅडम, उंची १७० आहे ना तुमची? मग मीडियमच बसणार."

सात हजार मीटरवरच्या शिखराची ही माझी पहिली मोहीम. सॅक किती लिटरची घ्यायची हे चटकन ठरलं. स्लीपिंग बॅग, डाऊन जॅकेट, तंबूचा माझ्या वाट्याचा भाग, स्टोव्ह, वरच्या कॅम्पवरचं खाणं असं सगळं मी ४० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात दाबून भरलं. एवढ्या खोक्यात ६४ लिटर मावतात. खोकं जेमतेम बंद झालं. दोरी आणि मॅट बाहेरून बांधायचीच होती, म्हणून ६५ लिटर. लिटरवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण आपलं सामान एकदा खोक्यात भरलं की प्रश्न मिटतो.

मीडियम मापाची सॅक आली ती पाहताक्षणी आवडली. वजन १.९ किलो, दोन आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी) अडकवायची सोय, वरचं झाकण सुटं होणारं. पाठीला साधा, गुळगुळीत फोम. हे मी मुद्दाम पाहिलं होतं. ट्रेकच्या सॅकना पाठीशी ताणलेली जाळी असते, उन्हात ती छान हवा खेळवते. पण बर्फात त्या फटीत भुसभुशीत बर्फ जाऊन बसतो आणि दिवसभर पाठीला चिकटून राहतो.

१८ किलो वजन भरून जिने चढायला लागले. पंधरा मिनिटांत खांदे दुखायला लागले, अर्ध्या तासात डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. आधी वाटलं, सराव कमी पडतोय. तीन दिवस तसंच चढले, तीन दिवस तेच. मग मैत्रिणीला बाजूनं फोटो काढायला सांगितला आणि फोटोत सगळं दिसलं. खांद्याचे पट्टे आणि माझा खांदा यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी फट होती.

सॅकचं वजन मुख्यतः कमरेनं पेलायचं असतं. हिप बेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेचा पट्टा, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला मिठी मारून बसला की वजन सरळ पायांवर जातं आणि खांद्याचे पट्टे सॅक अंगालगत धरून ठेवण्यापुरते उरतात. सॅकची पाठ आपल्या पाठीपेक्षा लांब असेल तर दोन्ही जमत नाही. बेल्ट जागेवर ठेवला तर पट्टे हवेत राहतात आणि ओझं मागे ओढतं. पट्टे टेकवले तर बेल्ट घसरून नितंबांवर येतो, वजन खांद्यांवर पडतं आणि मांडी उचलताना दर पावलाला अडतं. वरचे लोड लिफ्टर (खांद्याचे पट्टे सॅकच्या वरच्या टोकाकडे खेचणारे छोटे पट्टे) कितीही ओढले तरी उपयोग नाही, कारण खांद्याचा पट्टाच अंगाला लागलेला नसतो. मग आपण छातीचा पट्टा आवळतो. सहा हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिथे छाती आवळून चढणं म्हणजे हाती असलेला श्वासही कमी करून घेणं.

मापाची रीत सांगते, सॅक मागवायच्या आधी हे कराच. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात उठून दिसतो, तो मानेचा सातवा मणका, तिथे पहिली खूण. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथे दुसरी खूण. मऊ टेप कण्याच्या वळणावरून धरून दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. स्वतःचं स्वतः मोजता येत नाही, दुसरं माणूस लागतं. आम्ही तीनदा मोजलं आणि ४२वर शिक्कामोर्तब केलं. माझे पाय लांब आहेत, पाठ आखूड आहे. उंचीवरून हे कोणालाही कळणार नाही.

विक्रेत्याच्या तक्त्यात मात्र फक्त उंची होती.

सॅक बदलून घ्यायचा फॉर्म उघडला. कारणाच्या रकान्यात चार पर्याय: शिवण उसवली, बकल तुटलं, रंग वेगळा आला, चुकीची वस्तू आली. 'अंगाला बसत नाही' हे कारणच नाही! जी वस्तू अंगावर घालून वापरायची, तिच्या फॉर्ममध्ये हे कारण नसावं याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. मी 'चुकीची वस्तू आली' निवडलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपण मागवलेलीच वस्तू पाठवलेली आहे, तक्रार बंद करत आहोत.

फोन केला. पलीकडच्या मुलानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, पट्टे थोडे सैल करून बघा." मी म्हटलं, "सैल नाही, आधीच अंगाला लागत नाहीयेत." तो म्हणाला, "मग घट्ट करून बघा." पुन्हा फॉर्म, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. फोटो पाठवले तर उत्तर आलं की सुरुवातीला असं वाटतं, सवय होईल. तिसऱ्या आठवड्यात सॅक तपासणीसाठी मागवून घेतली आणि 'वापरलेली' असा शेरा मारून परत पाठवली. जिन्यावर टेकवताना तळाला धूळ लागली होती, एवढाच तो वापर. पण वजन भरून चालल्याशिवाय सॅक बसते की नाही हे कळणार तरी कसं? महिलांसाठीचा साचा घ्या, असंही एकानं सुचवलं. त्याचे खांद्याचे पट्टे जवळ असतात आणि बेल्टचं वळणही वेगळं असतं, मला तो चाललाही असता. पण त्या मॉडेलमध्ये तो ५० लिटरच्या पुढे मिळतच नव्हता.

तिकडे मोहिमेचं सामान पुढे रवाना करायची तारीख जवळ येत होती. मी जुनीच सॅक न्यायचं जवळपास ठरवलं होतं. लीडरनी ठाम नकार दिला. "जुनीत स्लीपिंग बॅग मावणार नाही. मग बाहेर लटकवशील आणि वारा तुला फिरवेल."

पाचव्या आठवड्यात मी फोनवर तक्रार करणं सोडून दिलं आणि म्हटलं, मला दुरुस्ती विभागाशी बोलायचंय. तिथे एक बाई होत्या. नाव, तक्रार क्रमांक काही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाठ किती सेंटिमीटर?"

मला क्षणभर बोलताच येईना. "ताई, ४२."

"मग तुम्हाला स्मॉल लागेल. तुमच्याकडची ४६च्या पुढे आहे. उंची बघूच नका."

चार दिवसांत स्मॉल आली. घालून पाहिली तर पट्टे खांद्यावरून पाठीपर्यंत अंगालगत, बेल्ट नेमका हाडावर. तेच १८ किलो, तोच जिना. दीड तास चढले, बोटांना मुंग्या आल्या नाहीत. त्या रात्री मी फार समाधानानं झोपले. कुठे अडलात तर सरळ दुरुस्ती विभाग गाठा. तिथली माणसं रोज सॅक हातात घेऊन काम करतात.

आता बाकीच्या गोष्टी आठवतील तशा.

हार्नेस (दोरीला बांधून घ्यायचे कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे) घालून सॅक पाठीला लावून बघा. मी हे शेवटी केलं, आधी करायला हवं होतं. हार्नेसचा जाड पट्टा आणि हिप बेल्ट एकाच जागेवर येतात, आणि गिअर अडकवायची कडी बेल्टखाली दबली की कॅरॅबिनर (दोरी अडकवायचा धातूचा आकडा) हाताला लागत नाही. पातळ पट्ट्याचं हार्नेस घेतल्यावर माझं जमलं.

जाड मिट्स (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घालून प्रत्येक बकल उघडा, लावा. बोटांनी लागणारं बकल मिट्समध्ये लागेलच असं नाही, आणि वर मिट्स काढायची म्हणजे बोटं पणाला लावायची. झिपच्या टोकांना दोरीचे मोठे फास बांधा.

सॅकमध्ये पाण्याची पिशवी ठेवून नळीनं प्यायची सोय वर विसरा, नळीत पाणी गोठतं. बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतं, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं.

वरची उचलायची कडी ओढून तपासा, ती मजबूत हवी. उतारावर सॅक काढण्याआधी ती अँकरला, म्हणजे पक्क्या रोवलेल्या आधाराला, अडकवायची, नाहीतर एकदा घसरलेली सॅक परत मिळत नाही. हिमनदीवर त्याच कडीतून छोटी दोरी हार्नेसला जोडतात. भेगेत पडलात तर जड सॅक मागे ओढून उलटं करते. ती उतरवून त्या दोरीवर खाली लटकवली की सरळ राहता येतं.

आठ हजारी शिखरावर जाणार असाल तर ऑक्सिजनचं सिलिंडर सॅकमध्ये उभं मावतं का बघा. चार लिटरच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन तीन किलोच्या वर जातं. ते आडवं पडलं तर दर पावलाला हिंदकळतं, आणि ऑक्सिजन कमी-जास्त करायच्या रेग्युलेटरपर्यंत हात पोचायला हवा. अलास्कातल्या डेनालीसारख्या, भारवाहक नसलेल्या डोंगरावर सगळं स्वतःच्या पाठीवर आणि मागे ओढायच्या स्लेजवर. तिथे ६५ लिटर मला कमीच वाटले असते.

लोंबणारे पट्टे मी बेस कॅम्पवर कापले, घरी नाही. सगळे कपडे अंगावर चढवल्यावर बेल्टचा पट्टा किती लागतो ते तिथेच कळलं. माझा सात सेंटिमीटर जास्त लागला.