आमची वाटचाल : वरातीची घोडी ते विम्याचा कागद

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घेतलेल्या दोन काठेवाडी घोड्यांवर आमचा तबेला उभा राहिला. मधली वर्षं लगीनसराई, रपेटीचे वर्ग आणि लोकांना घोडं घेऊन देण्याची दलाली यांत गेली. सांगायचं आहे ते 2020 नंतरचं.

त्या मार्चमध्ये वराती बंद झाल्या, वैरण थोडीच बंद होते! घोडं रोज वजनाच्या साधारण 2 टक्के वाळका चारा खातं. 350 किलोच्या घोडीला 7 किलो, दाणा वेगळा. बुकिंगचे ॲडव्हान्स परत केले आणि निम्म्या घोड्या अर्धलीने (सांभाळणाऱ्याला अर्धा वाटा, या बोलीने) दिल्या. कागद केला होता म्हणूनच त्या धडपणे परत आल्या. चारा, नाल, डॉक्टर कोणाच्या माथी, कोणतं काम घ्यायचं, तिसऱ्याच्या दावणीला बांधायची नाही, नर कोण ठरवणार, पहिलं शिंगरू कोणाचं, मेली तर किंमत किती धरायची, हे सगळं त्यात हवंच. घोडी अकरा महिने गाभण असते. देताना आणि परत घेताना डॉक्टरांकडून गाभ तपासा, नाहीतर पोटातल्या शिंगरावरून भावकीतही कोर्ट होतं.

याच काळात शेजारच्या तालुक्यातला एक व्यापारी आमची गिऱ्हाइकं ओढू लागला. ‘विमा-बिमा कशाला, घोडं स्वस्तात देतो.’ नाव घेत नाही, घोडेवाल्यांना कळेल. आमचे जुने गिऱ्हाईक, निफाडकडचे एक बागायतदार, त्याच्याकडे नुकरा (पांढरं घोडं) बघायला निघाले, पण शहाणपण करून आमच्या नालबंद चाचांना सोबत घेतलं. घोडं सरळ चाललं. चाचा म्हणाले, आठवड्याने न कळवता येऊ. वेदनाशामक टोचलेलं घोडं दिवस-दोन दिवस सरळच चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

दुसऱ्या खेपेला भल्या सकाळी, अंग गरम व्हायच्या आत बाहेर काढलं. चाचा तोंड बघत नाहीत, आधी खूर उचलतात. सुरीने तळवा खरवडला, वास घेतला (काळं, घाण मारणारं पाणी म्हणजे कूज), मग सांडशीने कडेकडेने दाबत गेले. डाव्या पुढच्या पायाच्या टाचेपाशी घोड्याने पाय हिसकला. सिमेंटवर सैल दोरीने दुडकं चालवलं, तर दुखरा पाय टेकताना मान वर जात होती. सौदा मोडला. व्यापारी अजून आमच्या नावाने खडे फोडतो.

लोक आधी देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) बघतात. बघा की, पण खूर बघून झाल्यावर. वय दातांवरून काढा: पुढचे मधले दात अडीच, त्यांच्या शेजारचे साडेतीन, कडेचे साडेचार वर्षांच्या सुमारास पालटतात, 5 ला तोंड भरतं. पुढे वरच्या कडेच्या दातावर साधारण 10 व्या वर्षी हिरडीपाशी खाच दिसू लागते आणि 20 पर्यंत ती खाली पोचते. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला नसेल तर विसार देऊ नका. हा रोग निघाला तर घोडं मारावंच लागतं, आणि तो माणसालाही होतो.

विम्याचं मात्र अजून सलतं. आमची एक घोडी पोटशुळाने गेली. पॉलिसीत एजंटाने रंग लिहिला होता ‘तपकिरी’, शवविच्छेदनात डॉक्टरांनी ‘कुमैत’, म्हणजे काळ्या आयाळीचा तपकिरीच. एवढ्यावर क्लेम लटकला. म्हणून रंग, उंची, भोवरे, पायाची पांढरी, मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर, सगळं दोन्ही कागदांवर शब्दाला शब्द जुळवून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. जनावर गेलं की आधी कंपनीला कळवा, शवविच्छेदनाआधी पुरू नका. नवीन पॉलिसीत सुरुवातीचे काही दिवस आजाराने झालेला मृत्यू सहसा धरत नाहीत, प्रवासातला धोकाही बहुधा वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही कलमं सहीआधी वाचा.

आणि घोडी फटाक्याला बुजून वऱ्हाड्याला लाथ मारते तेव्हा मृत्यूचा विमा काडीचा कामाचा नाही. त्याला त्रयस्थाच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी लागते. ती आम्ही काढतो. आमचा दर त्या व्यापाऱ्यापेक्षा चढा आहे, तो यामुळेही.