आभाळ दिसेल तिथे

परवा दुपारी रंगारी खिडकीच्या ग्रिलपाशी थांबला आणि विचारू लागला, "साहेब, हे काढू का यावरूनच हात मारू?" ग्रिलला तारेने आवळलेला, पंजाएवढा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा. वर्ल्डस्पेसची अँटेना! रेडिओ कधीच कुणाला तरी देऊन टाकला, ही मात्र इतकी वर्षं उन्हापावसात तशीच.

ज्यांच्या घरी तो उपग्रह रेडिओ होता त्यांना पुढचं सांगायला नको. गाण्याआधी दिशा शोधावी लागे. आमचा उपग्रह एशियास्टार. मार्च 2000 मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-5 वर बसून वर गेला. त्याच रॉकेटमधून आपला इन्सॅट-3बीही गेला होता, म्हणजे तसे ते सहप्रवासी. मग हा 105 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच जाऊन बसला. पुण्यातून तो पूर्वेला, जरा आग्नेयेकडे सरकून, साधारण अर्ध्या आभाळावर येतो. दिसत अर्थातच नाही. पण मधे भिंत नको, झाड नको. लोक वास्तुशास्त्रासाठी पूर्वेची खिडकी मागतात, आम्ही 'गंधर्व'साठी मागितली. ब्रोकरने काय समजायचं ते समजून घेतलं.

'गंधर्व' म्हणजे चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय. जुन्या सिनेगीतांना 'फरिश्ता'. मधे जाहिरात नाही. रागाची नुसती बढत चालू असायची आणि आपण भाजी निवडत बसायचं.

तरी एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकली. सोसायटीच्या नारळाची झावळी वाऱ्याने आडवी आली की तान मधेच गायब. खरखर नाही, घरघर नाही, एकदम काहीच नाही. पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या झरझर उतरायच्या आणि झावळी बाजूला झाली की बुवा तिसऱ्याच जागी असायचे. मधलं गाणं गेलं ते गेलं.

साताऱ्याच्या घरी आजोबांचा वॉल्व्हचा रेडिओ होता. त्याला हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीच्या पट्टीची एरियल ताणलेली. बुधवारी रात्री 8 वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. शॉर्टवेव्हचा आवाज लांब जायचा, परत यायचा, पुन्हा लांब. मी एरियलपाशी उभा राहिलो की आवाज सुधारतो असा शोध आजोबांनी लावला होता. "हलू नकोस रे, तिथेच थांब!" मग मी हात वर करून उभा. मला खाज सुटायची, पण अमीन सायानी पायरी जाहीर करेपर्यंत नाक खाजवायची सोय नव्हती. खरखरीतूनही स्टेशन आहे, लांब आहे, पण येतंय, एवढं कळत राहायचं. आजोबांना त्या खरखरीचीही सवय होती. ती थांबली की उलट ते दचकायचे आणि रेडिओला चापट मारायचे.

वर्ल्डस्पेसला चापट मारून उपयोग नव्हता. एकदा कौतुकाने तो कोकणात आत्याकडे नेला. पोर्टेबल ना तो! कौलांखाली काही लागेना, म्हणून अँटेना खळ्यात आणली. तिथे माडांची राई. शेवटी विहिरीपलीकडे आभाळाचा एक तुकडा सापडला, तिथे खुर्ची मांडून वर अँटेना ठेवली आणि आम्ही भोवती उन्हात उभे. आत्या पायरीवरून सगळं बघत होती. म्हणाली, "गाणं ऐकायला माणसांनी उन्हात उभं राहायचं, आणि यंत्राला खुर्ची?" मी तिला उपग्रह समजावून सांगू लागलो तेव्हा ती आमसुलं उलटायला निघून गेली.

याची मूळ कल्पना निघाली नोआ सामारा या इथिओपियात जन्मलेल्या गृहस्थांच्या डोक्यातून. जिथे काहीच पोचत नाही अशा आफ्रिकेतल्या माणसांपर्यंत माहिती न्यायची, एड्सबद्दल सांगायचं, म्हणून हा खटाटोप. आणि वर्गणी भरून ऐकत कोण बसलं? आम्ही, तिसऱ्या मजल्यावर, मारवा. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतातली सेवा 31 डिसेंबर 2009 ला संपली. तेव्हाही खरखर झाली नाही, हे सांगायला नकोच.

आता फोनमध्ये सगळी गाणी आहेत आणि तिथेच माझी गोची होते. काय लावू, काय लावू करत बोट फिरवत राहतो आणि शेवटी बातम्या लावतो. मला गाणं दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं लागतं, तेही मला न विचारता. लेक म्हणते, "बाबा, ॲप निवडतंच की." निवडतं, पण मी काल ऐकलेलंच पुन्हा वाढतं. बसंत मुखारी नावाचा राग आहे आणि तो मला आवडतो, हे मला 'गंधर्व'ने सांगितलं. मी मागितला नव्हता. हे तिला समजावून सांगावं म्हटलं, तर तिच्या कानात ते बोंडुक घातलेलं असतं.