घाना, खंभात, व्हेनिस: एकाच सरात

डिचोलीत घरीच मी मण्यांचे दागिने करते. यंदा पावसाळ्यात एका नवरीच्या आईने माळ सांगितली. मणी कुठलेही चालतील, पण हाताने घडवलेलेच हवेत, एवढीच त्यांची अट. माझ्याकडे घानातल्या क्रोबो लोकांचे काचमणी होते, खंभातचे लाल अकीक होते आणि ज्योतीवर वळलेले थोडे व्हेनिसचे मणी. तिन्ही एकाच सरात घ्यायचं ठरवलं.

रंग तासाभरात जुळले. वेळ खाल्ला तो वेजांनी, म्हणजे मण्यांच्या भोकांनी. क्रोबो कारागीर बाटल्यांची काच कुटून तिची पूड मातीच्या साच्यात भरतात आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. (ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा.) भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी वेज राहतं, तेही चांगलं रुंद. अकीक हा दगड, त्याचं वेज सुईला जेमतेम वाट देणारं. म्हणजे दोरा अकीक ठरवणार, आणि त्या बारीक दोऱ्यावर क्रोबो मणी लटलटणार. मग क्रोबोच्या वेजात मंगळसूत्राचे बारीक काळे मणी ओवून पोकळी भरली आणि दोन्ही तोंडांना चांदीच्या चपट्या चकत्या लावल्या. मणी सरळ बसला.

दुसरा प्रश्न कठीणपणाचा. मोसच्या मापावर अकीक ७च्या आसपास, काच साधारण साडेपाच. दोन्ही एकमेकांना घासत राहिले तर चरे काचेवरच पडणार. म्हणून प्रत्येक मण्यानंतर गाठ. ही गाठ मला आमच्या गावच्या पटवेकर काकांनी शिकवली. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, सैल फास घालायचा, फासात सुई ठेवून तो मण्याला भिडेपर्यंत सरकवायचा आणि मगच सुई काढून आवळायचा. काका रेशमावर गाठवतात. मी नायलॉन घेतलं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत, घामात रेशीम लवकर कुजतं. काकांना ते पटलेलं नाही, पण गाठी त्यांनी एकेक ओढून तपासल्या.

नवरीच्या आईने आधी व्हेनिसचेच मणी निरखले. तिथल्या काचमण्यांच्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, त्याचा मला आनंदच आहे. पण खंभातचा अकीक शतकानुशतकं गलबतांतून आफ्रिकेला जात आला, आणि क्रोबो मण्यांमागची मेहनत तर डोळ्यांना दिसते. म्हणून माळेसोबतच्या चिठ्ठीवर मी तिन्ही गावांचा कारागिरीसकट उल्लेख करते आणि मजुरी लावताना यात फरक करत नाही.

चिठ्ठीच्या मागे एवढंच लिहिलं: घातल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, खुंटीला टांगू नका, आडवी ठेवा, आणि गाठी सैल वाटल्या की माझ्याकडे आणा. पुन्हा गाठवून देईन.