.३८ ची वेब्ली आणि कानपूरचं बत्तीस बोअर

कानपूरच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरला ‘पाणी घातलेली वेब्ली’ म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात; बत्तीस म्हणजे .३२.) मूळ इंग्रजी हत्यार दणकट होतं, आपल्या लोकांनी त्याची ताकद काढून घेतली, असा त्यांचा सूर असतो. मी नोकरी टूलरूममध्ये केली, लेथ आणि ग्राइंडरवर. मुरलेला आराखडा नव्या मापात उतरवायला किती डोकं लागतं ते मी रोज पाहिलंय. त्यामुळे हे बोलणं मला लागतं.

मुळात ती ‘मूळ’ वेब्लीसुद्धा बोअर बदलूनच जन्माला आली. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं .४५५ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये घेतलं. पहिल्या महायुद्धातलं मार्क ६ किलोभराहून जड होतं आणि नव्या शिपायाला आवरायचं नाही. युद्ध संपल्यावर सैन्याला हलकं, कमी धक्क्याचं हत्यार हवं झालं. म्हणून जुन्या .३८ स्मिथ अँड वेसन काडतुसात २०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅमची, शिशाची गोळी बसवली आणि वेब्लीने त्यासाठी आपलं रिव्हॉल्व्हर लहान करून दिलं. सरकारने तो आराखडा बघितला आणि स्वतःच्या एनफिल्ड कारखान्यात जवळपास तसंच रिव्हॉल्व्हर बनवून १९३२ मध्ये सैन्याला दिलं. वेब्लीने भांडून शेवटी १२५० पौंड मिळवले. एवढ्या कामाचं हे मोल मला आजही अपुरं वाटतं. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं, एनफिल्डचा माल पुरेना, आणि त्याच सरकारला वेब्लीचं .३८ मार्क ४ विकत घ्यावं लागलं.

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने हाच मार्क ४ चा ढाचा उचलला. पण आपल्याकडे सैन्याच्या बोअरचं हत्यार साध्या परवान्यावर मिळत नाही. .३८, .४५५, ९ मिलिमीटर ही सगळी प्रतिबंधित बोअरं. सामान्य माणसाला विकायचं तर .३२ करणं भाग होतं.

ही रीत इंग्रजांपासूनची आहे. बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ मध्ये भारतात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली. शिकारी रायफली विकणाऱ्या लंडनच्या कारखानदारांची पंचाईत झाली आणि त्यातून .४७० आणि .४६५ ही नवी काडतुसं निघाली. आपल्या शेतकऱ्यांकडे दिसणारी, बंगालमधल्या इशापूर कारखान्याची .३१५ रायफलही याच वाटेने आली. ढाचा .३०३ ली-एनफिल्डचा, काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचं. कायद्याने एक माप अडवलं की कारागीर शेजारचं माप शोधतो. इटलीत ९ बाय १९ मिलिमीटरचं काडतूस अडलं तेव्हा तिथे ९ बाय २१ आलं.

आता खरा मुद्दा. लोकांना वाटतं, बोअर बदलायचं म्हणजे नळी बदलली की झालं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही, हे टूलरूममधल्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. .३८ ची गोळी साधारण ९.२ मिलिमीटरची, .३२ ची ७.९ च्या आसपास. म्हणजे नळी नवी आणि काडतुसं धरणारं फिरतं सिलिंडरही नवं. वेब्लीत नळी आणि सिलिंडरवरची पट्टी एकाच तुकड्यात असते, म्हणजे तो अख्खा तुकडा नव्याने बनवायचा. पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, बुडाची कडही .३८ ला सव्वाअकरा मिलिमीटरच्या जवळ, .३२ ला साडेनऊ. पुंगळ्या वर उचलणारी मधली चांदणी त्या कडेखाली नीट बसली पाहिजे, नाहीतर पुंगळी निसटून चांदणीखाली अडकते. शिवाय कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस, .३२ लाँग, अंगाने बारीक असलं तरी लांबीला मोठं आहे. त्याची पुंगळी २३.४ मिलिमीटर, .३८ ची १९.७. हा फरक चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराच्या, खोलीत धरावा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो दाब. काडतूस पेटल्यावर चेंबरच्या भिंतीवर जो जोर येतो तो. .३८ स्मिथ अँड वेसनची कमाल मर्यादा १४,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .३२ लाँगची १५,०००. जवळपास सारखीच! त्यातून सिलिंडर तेवढ्याच व्यासाचं ठेवलं तर बारीक चेंबरांमुळे दोन चेंबरांमधली भिंत जाड होते. बिजागरीवर उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळा भार शेवटी नळी बंद धरणाऱ्या वरच्या कडीवर येतो, तिथे तर ही गोष्ट सोन्यासारखी. ज्याने हे काडतूस निवडलं त्याला काम कळत होतं. मी त्याला नमस्कार करतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे .४५५ वेब्ली ढिगाने गेल्या. .४५५ ची काडतुसं मिळेनात, .४५ ऑटो या पिस्तुलाच्या काडतुसांची मात्र घरोघरी. मग विकणाऱ्यांनी सिलिंडरची मागची बाजू खरवडली आणि तीन-तीन काडतुसं धरणाऱ्या अर्धचंद्र क्लिपा लावून .४५ घालायला सुरुवात केली. बसायला काडतूस बसतं, उडतंही. पण कारखान्यातलं .४५ ऑटो त्या वेब्लीच्या चाचणीच्या दाबापर्यंत जातं. कारखाना जो ताण एकदा देऊन बघतो, तो इथे प्रत्येक बाराला. फुटलेल्या सिलिंडरांचे फोटो मी पाहिलेत. साठ-सत्तर वर्षं टिकू शकणारं हत्यार काडतुसाच्या सोयीसाठी असं वाया घालवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या आत्याच्या यजमानांकडे, म्हणजे मामांकडे, सांगलीकडे, कानपूरचं .३२ होतं. गुळाचा व्यापार, रोकड घेऊन रात्रीचा प्रवास, म्हणून परवाना. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि परत आलं की मामा ओट्यावर जुनं धोतर अंथरून साफ करायला बसायचे. अंगठ्याने कडी दाबली की नळी पुढे झुके, चांदणी वर येई आणि सहाही काडतुसं एकदम उचलली जात. शेवटच्या टप्प्यावर चांदणी टक्कन खाली बसे. त्या आवाजावरून मामा सांगायचे, तेल पुरेसं आहे की नाही. नळीच्या आत दिव्याकडे धरून बघितलं की पेच स्वच्छ दिसायचे. चाप जड होता, हे खरं. डबल ॲक्शनला, म्हणजे घोडा न चढवता नुसता चाप ओढून बार काढताना, बोट थरथरायचं आणि नेम हलायचा. तो दोष मी लपवत नाही, पण तो बोअरचा दोष नाही.

‘कमजोर’ म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की .३२ लाँग हे नेमबाजांचं लाडकं काडतूस आहे. २५ मीटर सेंटर फायर या पिस्तूल नेमबाजीच्या प्रकारात जगभरातले नेमबाज सपाट नाकाच्या गोळीचं हेच काडतूस वापरतात, कारण धक्का कमी आणि कागदावर छिद्र स्वच्छ. याच प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. २०१४ मध्ये कानपूरहूनच आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोअरचं. आणि वेब्ली अँड स्कॉट हे नाव भारतात परत आलं, उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात रिव्हॉल्व्हर बनवायला, तेव्हा त्यांनीही .३२ च बनवलं.

आता परवानाधारकांसाठी दोन गोष्टी. ओळखीच्या मिस्त्रीकडून बोअर बदलून घ्यायचा विचारही करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं यांच्या जोडीला ‘रूपांतर’ही येतं, आणि तुमच्या परवान्यावर बोअर लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे दुकानात नुसतं ‘बत्तीसची काडतुसं द्या’ म्हणू नका. इशापूरच्या ‘अशनी’ पिस्तुलाचं .३२ ऑटो आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाची पुंगळी १७ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरची २३.४, आणि रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी ठळक कड असते. पैसे देण्याआधी डबी उघडून ती कड बोटाने चाचपून बघा.