ग्रांफू ते काझा: फुफाटा, नाले आणि स्नॉर्केलचा प्रश्न

अटल बोगद्यातून पलीकडे निघालं की कोकसरपर्यंत गाडी मजेत पळते. ग्रांफूला हिमाचलच्या स्पितीतल्या काझाचा फाटा घेतला की मात्र डांबराचा भरवसा संपतो. पुढे छत्रू, बातल आणि कुंझुमपर्यंत गोटे, वितळत्या बर्फाचे नाले आणि पिठासारखा बारीक फुफाटा. वर साडेचार हजार मीटरची उंची. गाडीचा श्वास नेमका कुठून आणि कशातून जातो, हे तपासायचं असेल तर यापेक्षा बरा रस्ता मला माहीत नाही.

आम्ही पुण्याहून तीन गाड्या घेऊन गेलो होतो. एक डिझेल थार, इंजिनाला बाहेरचं काहीही न लावलेली. एक जिम्नी, तिचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची बंद पेटी, काढून बॉनेटखाली उघडा, तेल लावलेला, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवलेला. आणि तिसरी आकुर्डीवाल्या फोर्सची गुरखा, जिला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, कंपनीतूनच येतो. रात्रीच्या जेवणाला विषय ठरलेला: कोणाचं इनटेक, म्हणजे इंजिनाची हवा आत घ्यायची वाट, बरोबर?

या वादात दोन वेगळे प्रश्न लोक हमखास एकत्र करतात. हवा कुठून घ्यायची, हा पाण्याचा प्रश्न. हवा कशातून गाळायची, हा धुळीचा प्रश्न. स्नॉर्केल पहिल्याचं उत्तर आहे, फिल्टर दुसऱ्याचं. उघडा कोन या दोन्हींचं उत्तर नाही. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि छान आवाज करतो. आवाज मलाही आवडला, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा नाल्यांबद्दल. सकाळी लवकर निघा, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. ऊन वाढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. आम्ही छत्रूच्या पुढचे नाले दहाच्या आत पार केले, तेव्हा तीनपैकी एकाही गाडीला तिच्या कंपनीने सांगितलेल्या खोलीच्या जवळपासही पाणी लागलं नाही. थारला कंपनी 650 मिमी सांगते, गुरखाला 700. या दोन आकड्यांकडे नीट बघा. गुरखाच्या स्नॉर्केलचं तोंड टपाच्या उंचीला आहे, तरी कंपनी 700 मिमीच लिहिते. कारण पाण्यात गाडी अडते ती फक्त इनटेकमुळे नाही. वायरिंग, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोंडं), रेडिएटरचा पंखा हे सगळं खालीच असतं, आणि वाहतं पाणी दाराला लागलं की अख्खी गाडी बाजूला ढकलली जाते. स्नॉर्केल लावला म्हणून छातीभर पाण्यात गाडी घालणाऱ्याने ब्रीदर कुठवर उचललेत, ते आधी सांगावं.

लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचे संथ, जास्त जोराचे गिअर), पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच नाही. रीलसाठी पाणी उडवत जाऊ नका. जिम्नीवाल्याने हे सगळं शिस्तीत केलं, तरी एका नाल्यातून बाहेर आल्यावर कोनची खालची कड ओली होती. बंद एअर बॉक्समध्ये फिल्टरवर थेट पाणी उडत नाही आणि थोडं आत आलंच तर तळाच्या भोकातून निघून जातं. उघड्या कोनला ही सोय नाही.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हे मी शंभरदा सांगेन. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये धोका जास्त, कारण कॉम्प्रेशन जास्त. गाडी ओढून बाहेर काढा, एअर बॉक्स उघडून फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर पेट्रोलचे स्पार्क प्लग किंवा डिझेलचे इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

आता धूळ, म्हणजे या रस्त्यावरचा खरा शत्रू. दीड लिटरचं इंजिन 3000 आरपीएमला मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. त्यातून जरा जरी बारीक वाळू पुढे गेली तर पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासत राहतात, आणि ते लगेच कळत नाही. बातलच्या ढाब्यावर चहा होईपर्यंत तिन्ही गाड्यांच्या फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या नळीत पांढरं फडकं फिरवलं. थार आणि गुरखाचं फडकं पांढरंच राहिलं. जिम्नीचं तपकिरी झालं. फिल्टर नवा होता, क्लॅम्प घट्ट होता. थारच्या बॉक्समध्ये बाहेरच्या बाजूला मूठभर धूळ साचली होती, गुरखाच्या बॉक्समध्ये त्याहून कमी. उंचावरची हवा जरा स्वच्छ असते हे खरं, पण गुरखा बराच वेळ सगळ्यांत पुढे होती, त्यामुळे ही तुलना मी फार ताणणार नाही.

तेल लावलेल्या हवेच्या फिल्टरचं आणखी एक दुखणं म्हणजे तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर चढतं आणि इंजिन चुकीचं इंधन घेऊ लागतं. असा सेन्सर असलेल्या गाडीत मी तो फिल्टर लावणार नाही.

‘पण पॉवर वाढते ना?’ कुंझुमच्या चढावर याचं उत्तर मिळालं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आत असतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या जिम्नीचे कागदावरचे 105 पीएस तिथे साठ-पासष्टच्या घरात येतात, फिल्टर कुठलाही लावा. थार आणि गुरखाचा टर्बो बरीच भरपाई करतो. वर कुंझुम मातेच्या देवळाला रिवाजाप्रमाणे गाडीसकट प्रदक्षिणा घातली, जिम्नीनेही, जरा धापा टाकत.

जाणाऱ्यांनी कंपनीचाच पेपर फिल्टर नवा घालून निघावं आणि एक जादा सोबत ठेवावा. तो इतका स्वस्त आहे की वाद घालण्यात अर्थ नाही. रोज रात्री फिल्टर काढून आपटू नका. थोडी धूळ बसलेला पेपर उलट जास्त बारीक गाळतो, आणि आपटल्याने रबरी कड वाकते. फारच भरला तर आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारा. बसवताना बॉक्सच्या खाचेत खडा अडकलेला नाही ना, ते बोटाने चाचपा. पुढच्या गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत थांबा. कुठल्याही महागड्या फिल्टरपेक्षा याचा उपयोग जास्त.

बाहेरून स्नॉर्केल लावायचाच असेल, म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे तुम्ही खरंच नेहमी ओलांडत असाल, तर मूळ एअर बॉक्स ठेवून त्यालाच जोडा. फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, भोक पडतं, तेव्हा वॉरंटीचं आधी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहेत, हेही लक्षात असू द्या. बसवल्यावर इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, ठेवून स्नॉर्केलचं तोंड झाका. सांधे पक्के असतील तर इंजिन गुदमरून बंद पडेल. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय, आणि तिथूनच पाणीही घेईल. बाजारात नुसते शोभेचे, आत न जोडलेले स्नॉर्केलही मिळतात, ही चाचणी त्यांनाही लगेच पकडते.