आमची वाटचाल : डिग्री बघून बाटली भरायची

२००९ च्या डिसेंबरात, डर्बीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात रात्री दोनच्या सुमारास घरी केलेल्या बिअरची पहिली बाटली फुटली. तासाभरात आणखी पाच. सकाळी कपाट उघडलं तर काचेचा एक तुकडा दाराच्या लाकडात रुतून बसला होता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिची छोटी सायकल एरवी त्याच कपाटात असायची. तो तुकडा आजही घरगुती बिअरच्या सामानाच्या आमच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, झाकणबंद बरणीत आहे. दुकान कसं सुरू झालं असं कुणी विचारलं की मी ती बरणी दाखवते.

इंग्लंडमध्ये घरी बिअर करणं अगदी साधी गोष्ट आहे. १८८० पासून घरगुती ब्रुइंगलाही परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःपुरती कितीही करा, फक्त विकायची नाही. नवऱ्याला ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी वाढदिवसाला किट दिलं होतं: माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्काचा डबा, यीस्टचं पाकीट, २३ लिटरची बादली, एअरलॉक (आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी झाकणावरची नळी) आणि एका लांब नळकांड्यात काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून तो पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारी नळी. साखर जास्त तितका आकडा मोठा. पुस्तिकेतली ‘बुडबुडे थांबले की बाटल्या भरा’ ही ओळ आमच्या लक्षात राहिली. बुडबुडे थांबले, आम्ही बाटल्या भरल्या. हायड्रोमीटर नळकांड्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

शेजारी एक आजोबा राहायचे, बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या एका ब्रुअरीतून निवृत्त झालेले. त्या सकाळी ते जाड हातमोजे घालून आले, उरलेल्या बाटल्या एकेक करून ओल्या टॉवेलात गुंडाळल्या, अंगणात नेल्या आणि हळूहळू झाकणं सैल केली. एका बाटलीतली बिअर त्यांनी दोन भांड्यांमधून वरखाली केली, आपण गरम चहा करतो तशी. सगळा वायू निघून गेल्यावर ती उभ्या जारमध्ये ओतली आणि आमचाच हायड्रोमीटर आत सोडला. आकडा आला १.०१६. एवढ्या बाटल्या फुटल्यावरही हिच्यात साखर शिल्लक होती!

मग त्यांनी हिशेब सांगितला. बाटलीतल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट कार्बन डायऑक्साइड असला की छान फेस येतो. तेवढ्यासाठी लिटरमागे सहाएक ग्रॅम साखर घालून बाटली बंद करतात. पण आधीचंच आंबणं पुरं झालेलं नसेल तर ग्रॅव्हिटीचा (पाण्याच्या तुलनेत जडपणाचा) उरलेला प्रत्येक पॉइंट, म्हणजे ०.००१, त्यात जवळजवळ अर्ध्या पटीची भर घालतो. दहा पॉइंट उरले तर आणखी पाच पट. साधी काच तेवढं सोसत नाही. आणि एअरलॉकच्या बुडबुड्यांचं काही खरं नसतं. घर गार पडलं की ते थांबतात, झाकणातून वायू निसटत असला की दिसतच नाहीत, आणि आंबणं संपल्यावरही नुसत्या उबेने पुन्हा सुरू होतात.

मला हे सगळं पटकन कळलं त्याचं कारण बिअर नव्हे, दूध. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. आई दोन म्हशींचं दूध रोज डेअरीला घालायची. तिथे लॅक्टोमीटर दुधात सोडायचे आणि ‘डिग्री’ बघायचे. अठ्ठावीस म्हणजे दुधाचं विशिष्ट गुरुत्व १.०२८. आजोबा वर्टची, म्हणजे यीस्ट घालण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्याची, ग्रॅव्हिटी ‘टेन फॉर्टी-एट’ अशी सांगायचे, आणि पुष्कळदा नुसतं ‘फॉर्टी-एट’. म्हणजे १.०४८. मोजपट्टी तीच, पाणी म्हणजे शून्य, आणि पाण्यापेक्षा जितकं जड तितके पॉइंट. फरक एवढाच की दुधाची डिग्री उतरली की आईचा चेहरा उतरायचा, आणि बिअरची उतरावी म्हणून आम्ही वाट बघतो. यीस्ट साखर खातं, साखरेच्या जागी पाण्याहून हलका अल्कोहोल येतो, आणि नळी रोज थोडी खोल बुडते. सफरचंदाच्या सायडरमध्ये तर ती १.००० च्याही खाली जाते.

फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे डेअरीत बघत्यात तसंच की गं.” दारूचा विषय म्हणून मी आधी घाबरतच बोलत होते.

नळी वाचायला नीट शिकण्यात मात्र आमचं वर्ष गेलं. पहिली चूक तापमानाची. हायड्रोमीटरवर बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं, हल्ली बहुधा २० अंश सेल्सिअस, जुन्यांवर ६० अंश फॅरनहाइट. आम्ही ४० अंशांचा कोमट वर्ट मोजला आणि ४२ आले म्हणून खट्टू झालो. गार झाल्यावर तोच वर्ट ४८ होता. दुसरी चूक ढवळण्याची. किटमध्ये घट्ट अर्कावर गार पाणी ओततात. नीट ढवळलं नाही तर जड भाग तळाशी राहतो, तोटीतून घेतलेला नमुना भलताच जड येतो, आणि माणूस समजतो की आपली बिअर सात टक्क्यांची होणार. तिसरी गोष्ट वायूची. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून नमुना आधी वरखाली करायचा, नळी जारमध्ये बोटांनी गरकन फिरवायची आणि मग थांबायचं. नळीशी पाणी किंचित वर चढलेलं दिसतं. तो काठ वाचायचा नाही, सपाट पातळी वाचायची, आणि डोळा त्याच रेषेत आणायचा. उभ्याने वरून बघितलेला आकडा मी आजही वहीत लिहू देत नाही.

बाटल्या कधी भरायच्या, तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, आणि तो अपेक्षेच्या जवळ असला, की. १.०४८ वरून १.०१२ वर आली तर मधल्या ०.०३६ ला १३१.२५ ने गुणायचं: ४.७ टक्के अल्कोहोल. आकडा हलत नाही पण १.०२० वरच अडून बसलाय, असं किटच्या बिअरमध्ये फार वेळा होतं, विशेषतः हिवाळ्यात गार गॅरेजमध्ये. तेव्हा बादली घरात आणायची, हलकेच हलवून यीस्ट जागं करायचं आणि पुन्हा मोजायचं. मोजलेला नमुना बादलीत परत ओतायचा नाही. चाखायचा. जीभही तेव्हाच तयार होते.

२०१३ साली नवऱ्याच्या नोकरीत कपात झाली आणि आम्ही बर्टनमध्ये छोटा गाळा घेतला. माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, बादल्या, बाटल्या. ज्या गावाच्या जिप्समवाल्या पाण्याची पेल एल ही फिकट बिअर एकोणिसाव्या शतकात जहाजांनी हिंदुस्थानात जायची, तिथे कोल्हापूरची बाई होमब्रूचं सामान विकते, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटायचं. त्यांतले कितीतरी जण स्वतः ब्रुअरीत राबलेले. आजोबा मंगळवारी आणि शनिवारी येऊन बसायचे. १९९३ पर्यंत इथे बिअरवरचा कर बनलेल्या बिअरमधल्या अल्कोहोलच्या टक्क्यांवर नाही, आंबण्याआधीच्या वर्टच्या ग्रॅव्हिटीवर बसायचा. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये घातलेली ती पद्धत. म्हणून आजोबांच्या उमेदीच्या काळात एकेक पॉइंट म्हणजे रोख पैसा होता आणि मोजण्यातली ढिलाई त्यांना सहन होत नसे.

त्यांच्यामुळे मला या नळीच्या इतिहासाचाही नाद लागला. अठराव्या शतकात जेम्स बॅवरस्टॉक नावाचा तरुण वडिलांपासून लपवून ब्रुअरीत हायड्रोमीटर वापरत होता, कारण जुन्या मंडळींना असली खेळणी पसंत नव्हती. पुढे हल या शहरातल्या जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. नळीने मोजल्यावर ब्रुअरांना कळलं की स्वस्त वाटणाऱ्या तपकिरी माल्टमधून फिकट माल्टपेक्षा साखर कितीतरी कमी निघते, आणि लंडनच्या पोर्टर या काळपट बिअरचं सगळं मिश्रणच बदललं. कडक दारूसाठी साइक्स यांचा हायड्रोमीटर १८१६ च्या कायद्याने अधिकृत झाला. भारतात व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्क्यांसोबत ‘७५ डिग्री प्रूफ’ लिहिलेलं दिसतं, ते त्याच जमान्यातलं माप.

दुसऱ्याच वर्षी आम्हाला मोठा फटका बसला. एका पुरवठादाराकडून स्वस्तात दोनशे हायड्रोमीटर घेतले. साठएक विकले गेल्यावर तक्रारी येऊ लागल्या की बिअर १.०१५ च्या खाली जातच नाही. आजोबांनी एक नळी २० अंशांच्या साध्या पाण्यात सोडली. १.०००ऐवजी १.००४. आतली कागदी पट्टीच सरकलेली. पुरवठादाराने हात वर केले. आम्ही वहीत नावं शोधून एकेका गिऱ्हाइकाला फोन केला आणि प्रत्येकाला नवी नळी दिली. त्या महिन्याचं भाडं नवऱ्याने बहिणीकडून उसने घेऊन भरलं.

तेव्हापासून आमच्याकडून एकही नळी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. आधी साध्या पाण्यात. मग ५० ग्रॅम साखर ४५० ग्रॅम पाण्यात विरघळवून. या पाण्याची ग्रॅव्हिटी १.०४० यायला हवी. जो फरक येईल तो चिठ्ठीवर लिहून नळकांड्याला चिकटवतो: ‘१ जास्त’, ‘बरोबर’, ‘२ कमी’. तीनपेक्षा जास्त फरक असेल तर परत. वेळ जातो, पण दूरच्या गावांहून लोक आमच्याकडे नळी मागवतात ते त्या चिठ्ठीसाठी.

पहिलं किट घेणाऱ्याला शनिवारी तासभर बसवून आम्ही मोजायला शिकवतो, पैसे न घेता. २०२० च्या मार्चमध्ये पब बंद झाले आणि मागणी इतकी वाढली की यीस्ट पुरेना. तेव्हा हे वर्ग नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर घेतले, जार कॅमेऱ्यासमोर धरून. आजोबा त्याच वर्षी गेले. आता बादलीत तरंगत राहून फोनवर आकडे पाठवणारी यंत्रंही आम्ही विकतो. आंबण्याचा वेग कळायला ती चांगली आहेत. पण त्यांच्यावर यीस्टचा थर बसला की आकडा फिरतो, म्हणून बाटली भरण्याआधी काचेची नळीच. पुण्या-मुंबईहूनही विचारणा येतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, म्हणून तिथे आम्ही काहीच पाठवत नाही, स्पष्ट सांगतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई तीन महिने राहून गेली. बिअर तिने तोंडाला लावली नाही, पण दुकानात रोज यायची. एकदा मी नमुना काढून जार टेबलावर ठेवला आणि फोन घ्यायला गेले. परत येऊन बघते तर आईने जार फरशीवर आणून ठेवलेला, आणि ती समोर उकिडवी बसून, चष्मा कपाळावर सरकवून, नळीकडे बघतेय.

“बारा,” ती म्हणाली.

मी चिठ्ठी पाहिली. ती नळी ‘१ जास्त’वाली होती. वहीत अकरा लिहिलं, आणि परवा पुन्हा बघू म्हणून बादलीचं झाकण लावलं.